पावसाळ्यात घोडा परत परत लंगडतो? पायाला तेल चोळण्याआधी खूर उचला

जूनमध्ये पावसाने जोर धरला की पाचगणी-महाबळेश्वरकडून फोन सुरू होतात, आणि बोलणं ठरलेलं असतं. "काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता, सकाळी बघतो तर पायच टेकवेना. मुरगळला असेल." तोवर पायाला तेल चोळून झालेलं असतं, गुडघ्यावर आंबेहळदीचा लेप चढलेला असतो, मेडिकलमधून आणलेलं माणसांचं दुखण्याचं इंजेक्शनही टोचून झालेलं असतं. खूर मात्र कुणी उचलून बघितलेला नसतो.

मी खुरांचं काम करतो. सवारीचे घोडे, टांग्याचे, वरातीचे, शिवाय काही हौशी लोकांचे मारवाडी आणि काठियावाडी. पावसाळ्यात लंगडणाऱ्या घोड्याचं दुखणं बहुतेक वेळा खुरातच सापडतं, आणि त्यातही दोनच गोष्टी सारख्या भेटतात: खुरसड आणि खुरात साठलेला पू. पू निघाला की घोडा दोन-तीन दिवसांत चालू लागतो, मालक निवांत होतो, आणि महिनाभरात तोच घोडा पुन्हा तीन पायांवर उभा. असं होतं कारण पू काढला जातो, पण घोडा ज्या चिखलात उभा असतो तो चिखल आणि लांबलेली नालबंदी तशीच राहते. म्हणून खाली औषधापेक्षा जमिनीबद्दल जास्त लिहिलंय.

लक्षणं

पू साठलेला असेल तर लंगडणं अचानक येतं, बरेचदा एका रात्रीत. घोडा पाय हवेत धरतो किंवा खुराचं फक्त टोक टेकवून उभा राहतो. चालवला तर जवळपास तीन पायांवर उड्या मारत येतो. तो खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागतो. खुराच्या लगेच वरच्या सांध्यापाशी, मागच्या बाजूला, नाडी ठणठण उडताना बोटांना कळते. कधी त्या सांध्यापर्यंत हलकी सूज येते आणि तीच बघून लोक 'पाय मुरगळला' म्हणतात. दुखणं इतकं जोरात असतं की मालकाला हाड मोडल्याची शंका येते.

खुरसड सावकाश येते. घोडा मऊ मातीवर बरा चालतो, डांबरी रस्त्यावर किंवा खडीवर पावलं आखडतो. खूर उचलला की आधी वास येतो, मग काळं चिकट काहीतरी दिसतं. कोरताना घोडा पाय ओढून घेतो. नुसती खुरसड असेल तर पुष्कळ दिवस घोडा लंगडतही नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

पाय कोणता, हे आधी पक्कं करा. सपाट कडक जमिनीवर मोतद्दाराला घोडा सैल दोरीने दुडक्या चालीने समोरून आणायला सांगा. दुखरा पुढचा पाय जमिनीवर पडतो त्या क्षणी डोकं वर जातं, चांगला पाय पडला की खाली येतं. बरेच जण याच्या नेमकं उलटं समजतात आणि चांगला पाय तपासत बसतात. मागचा पाय असेल तर मागून पुठ्ठे बघा. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. घोडा उभ्या जागीच पाय उचलून धरत असेल तर हे काहीही करू नका. पाय दिसतोच आहे, उगाच पळवू नका.

१. खूर उचला, कोरा, धुवा (खर्च शून्य)

घोडा बांधा, किंवा त्याच्या ओळखीच्या माणसाला धरायला सांगा. खांद्यापासून हात फिरवत खाली या, म्हणजे तो दचकणार नाही. कोरायच्या आकडीने टाचेकडून टोकाकडे कोरा, उलट दिशेने नको, आकडी निसटली तर मऊ भागात घुसते. मग पाण्याने आणि तारेच्या नव्हे, साध्या ब्रशने धुवा. पुसून विजेरीच्या उजेडात बघा. चिखल भरलेल्या खुरात खिळा असला तरी दिसत नाही, म्हणून धुणं टाळू नका.

तळव्यात मागच्या बाजूला मऊ-चिवट त्रिकोणी गादी असते. तिच्या मधोमध एक खाच आणि दोन्ही बाजूंना एकेक खोबण. निरोगी गादीची मधली खाच उथळ आणि रुंद असते, अंगठा आरामात टेकतो. खुरसड झालेल्या घोड्याची ती खाच अरुंद चीर होऊन दोन टाचांच्या मधून वर गेलेली असते. आकडीचं टोक त्यात हळूच घातलं तर ते आत आत जातच राहतं आणि घोडा पाय हिसकतो. बाहेर येतो तो काळा, चिकट, नाक मुरडायला लावणारा गाळ. हवा न लागणाऱ्या जागी वाढणारे जंतू हे करतात. लीद-मुताचा चिखल त्या खाचेत बसून राहिला की त्यांना हवी तशी जागा तयार मिळते.

खडा अडकलेला असेल तर काढा, आणि तो एक दिवस घोडा कामाला लावू नका. पाचगणीच्या टेबललँड पठारावरचा किंवा माथेरानच्या रस्त्यांवरचा जांभा दगड झिजून त्याचे टोकदार खडे होतात. पाण्याने मऊ झालेल्या तळव्याला ते सहज ठेचतात. नुसती ठेच असेल तर दोन-चार दिवसांच्या आरामाने उतरते. उतरली नाही तर आत पू धरतोय असं समजून पुढे चला.

खिळा, तार किंवा काच घुसलेली दिसली तर हात आवरा. विशेषतः त्रिकोणी गादीत किंवा तिच्या आसपास असेल तर. तिथे आत थोड्याच अंतरावर सांधा आणि त्याची पिशवी असते, आणि तिथे जंतू गेले तर घोडा कायमचा जातो. डॉक्टर लगेच येण्यासारखे असतील तर खिळा तसाच ठेवा, म्हणजे एक्स-रेमध्ये तो कुठवर गेलाय ते कळतं. खूर जमिनीवर टेकून खिळा आणखी आत जाऊ नये म्हणून आजूबाजूला लाकडी ठोकळे किंवा जाड कापड बांधून तो भाग उचललेला ठेवा. घोड्याला चालवत न्यावंच लागणार असेल तर खिळा काढा, पण काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, जागेवर खूण करा, किती आत गेला होता आणि कुठल्या दिशेने ते लिहून ठेवा. खिळा फेकू नका. ओढून काढून 'बरं झालं निघाला' म्हणत घोडा परत जुंपणं, हे मी बघितलंय आणि त्याचा शेवटही बघितलाय.

२. हात लावून बघा: ऊब आणि नाडी

घोडा अर्धा तास सावलीत उभा करून चारही खुरांवर तळहात ठेवा. उन्हात उभा असेल तर सगळेच खूर गरम लागतात, म्हणून ही सावलीची अट. एकच खूर स्पष्ट गरम असेल तर दुखणं तिथेच आहे.

नाडी शोधायला थोडी सवय लागते. खुरावरच्या पहिल्या सांध्याच्या मागच्या कडेला, दोन्ही बाजूंना बोटं हलकी दाबून धरा. निरोगी घोड्याची नाडी तिथे इतकी मंद असते की सापडता सापडत नाही. पू धरलेल्या पायाची लगेच सापडते. घोडा चांगला असतानाच रोज खरारा करताना ही नाडी बघायची सवय लावून घ्या, म्हणजे आजारी दिवशी फरक ओळखता येईल.

याच वेळी गुदद्वारात थर्मामीटर घालून ताप बघा. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट असतं, विश्रांतीत हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४. नुसत्या खुरातल्या पुवाने सहसा मोठा ताप येत नाही. १०२ च्या वर गेला तर दुखणं खुरापुरतं राहिलेलं नाही. पुढच्या पायऱ्या सोडा आणि फोन उचला.

एका खुराऐवजी दोन्ही पुढचे खूर गरम, दोन्हींची नाडी जोरात, आणि घोडा मागच्या पायांवर रेलून पुढचे पाय लांब टाकून उभा असेल तर पायरी ४ आत्ताच वाचा.

३. नालबंद शेवटचा कधी आला होता?

हा प्रश्न विचारला की सगळे आकाशाकडे बघतात. नाल बसवल्यापासून आठवडाभरात लंगडणं सुरू झालं असेल तर पहिला संशय खिळ्यावर घ्या. खिळा खुराच्या भिंतीतून बाहेर निघायला हवा. तो आतल्या जिवंत भागाला चिकटून गेला तर सुरुवातीला घोडा ठीक चालतो, दोन-चार दिवसांत दाब वाढतो आणि लंगडतो. जिवंत भागात घुसला असेल तर त्याच वेळी हिसका देतो, कधी रक्त येतं. ज्याने नाल मारली त्यालाच बोलवा, तो एकेक खिळा काढत कुठे दुखतंय ते बघेल. भांडायला नको. चांगल्या कारागिराच्या हातूनही असं होतं, पातळ भिंतीच्या खुरात तर जास्तच.

याच्या उलट, दोन-अडीच महिने नालबंद फिरकलाच नसेल तर कारण वेगळं. खुराची भिंत महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढते. नाल तिच्याबरोबर पुढे सरकते, टोक लांबतं, टाचा चिणून जातात. लांब टोकावर प्रत्येक पावलाला ताण येऊन भिंत आणि तळवा यांच्यामधली पांढरी रेघ फाकते. त्या फटीतून चिखल वर चढतो, बारके खडे बसतात, आणि पुवाची वाट तयार होते. नाल असलेल्या घोड्याला पाच-सहा आठवड्यांनी आणि अनवाणी घोड्याला सहा-आठ आठवड्यांनी खूर करून घ्यावेच लागतात. हंगाम नसताना घोडा कमवत नाही म्हणून पावसाळ्यात नालबंदाचा खर्च वाचवायचा, हा हिशेब मला आजवर कळलेला नाही. नेमक्या त्याच महिन्यांत खूर सर्वांत कच्चा असतो.

मोकळ्या हंगामात नाल काढून टाकावी का, असं पुष्कळ जण विचारतात. माझं मत, काढावी. घोड्याला तीन महिने काम नसेल आणि मोकळं फिरायला थोडी जागा असेल तर जरूर. अनवाणी खूर टेकताना थोडा फाकतो, उचलताना मिटतो, आणि त्या हालचालीने पायातलं रक्त फिरत राहतं. पण नाल उपटून दुसऱ्याच दिवशी जांभ्याच्या चढावर सवारी, हे जमणार नाही. कडेला गोलाई देऊन करून घ्या, आणि लक्षात ठेवा, पुढच्या टोकाला वरपासून खालपर्यंत नवा खूर यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. वर्षानुवर्षं नाल बांधलेला घोडा आठवड्यात अनवाणी तयार होत नाही.

४. तोबऱ्यात काय होतं?

खुराच्या दुखण्यात दाण्याचं काय काम, असं वाटेल. पण पावसाळ्यात येणारं एक लंगडणं पोटातून येतं, आणि ते घरी सोडवायचं नसतं. जास्त दाणा, एकदम बदललेला चारा किंवा कोवळ्या हिरव्या गवतावर भरपूर सोडलेला लठ्ठ घोडा, यातून खुराच्या आतली, हाडाला भिंतीशी धरून ठेवणारी पडदी सुजते. ती सुटली तर खुरातलं हाड खाली फिरतं.

म्हणून विचारा. दाण्याचं पोतं फोडून रात्री कुणी खाल्लंय का? पर्यटकांनी मक्याची कणसं, ब्रेड, बिस्किटं किती चारली? वरातीच्या घरी गूळ-हरभऱ्याची परात पुढे ठेवली होती का? दाणा जास्त झाल्यावर खूर लगेच नाही, एक-दोन दिवसांनी धरतो, म्हणून कुणाला जोड लागत नाही. दोन्ही पुढचे पाय दुखतात, वळताना जास्त, घोडा जागचा हलायला तयार नसतो. असं असेल तर दाणा बंद, साधं वाळलं गवत आणि पाणी चालू, पायाखाली जाड मऊ अंथरूण, खूर बर्फाच्या पाण्यात, आणि डॉक्टर आत्ता. चालवून 'मोकळा' करायला जाऊ नका. प्रत्येक पाऊल ती पडदी आणखी फाडतं.

५. तो उभा कुठे असतो?

इथे वेळ घालवा. परत परत येणाऱ्या लंगडण्याची मुळं मला तबेल्याच्या जमिनीत सापडतात.

रात्री दहाला किंवा पहाटे, लीद उचलायच्या आधी तबेल्यात जा आणि खाली बसा. घोडा आडवा झोपतो तेव्हा त्याचं नाक तुमच्या बसलेल्या नाकाच्याही खाली असतं. डोळ्यांना झोंबलं तर मुताचा अमोनिया साठतोय. तोच अमोनिया खुराचं शिंग मऊ करतो. मग चप्पल काढून मागच्या दोन पायांच्या जागेवर पाऊल टाका. पायाखाली पचपच झालं तर औषधाची बाटली उघडण्यात अर्थ नाही.

नुसत्या पाण्यापेक्षा ओलं-कोरडं-ओलं हे चक्र खुराला जास्त मारतं. दिवसभर चिखल, रात्री कोरडी फरशी, सकाळी परत चिखल. खूर फुगतो, आकसतो, बारक्या चिरा पडतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तिथे अंगण कोरडं ठेवा म्हणणं सोपं आहे. पण सगळं अंगण कोरडं लागत नाही. घोडा उभा राहतो ती आणि पाणी पितो ती, एवढ्या दोन जागा कोरड्या झाल्या तरी पुरतं.

जमीन वीतभर खणा, मोठी खडी, वर बारीक खडी, वर मुरूम किंवा जाड वाळू चोपा, आणि उतार बाहेरच्या बाजूला द्या. मुताचं पाणी मागच्या चरातून निघून गेलं पाहिजे. छपराची पन्हळ नसेल तर आधी ती बसवा. अर्धे तबेले वरून गळत नाहीत, पागोळ्यांनी बाजूने भिजतात. अंथरायला भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चालतो, पण घोडा तूस खायला लागला तर बदला, पोटदुखी होते. सिमेंटच्या फरशीवर रबरी चटई टाकणाऱ्यांनी ती उचलून खाली बघावं. खालचं साठलेलं पाणी बहुतेक कुणी बघितलेलं नसतं.

ओली लीद दिवसातून दोनदा उचला. आणि घोडा दिवसभर दावणीला बांधून ठेवू नका. उभ्या घोड्याचा खूर चालत्या घोड्याइतका कधीच घट्ट होत नाही. पाऊस उघडला की अर्धा तास हाताने चालवा, एवढंही पुरतं.

शक्य असेल त्यांनी हंगाम संपल्यावर घोडे खाली उतरवावेत. पसरणी घाट उतरून वाईच्या बाजूला आलं की पाऊस झपाट्याने कमी होतो. ज्यांचे नातेवाईक खाली आहेत ते हे करतात, आणि त्यांच्या घोड्यांसाठी माझा फोन फारसा वाजत नाही.

६. खुरसडीचा इलाज

गाळ कोरून काढा, धुवा, कोरड्या कापडाने खाच पुसा. लोंबणारी सडकी चामडी नालबंदाकडून काढून घ्या, स्वतः चाकू चालवू नका. मग पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन कापसाच्या वातीवर घेऊन खाचेच्या तळापर्यंत भरा. पहिला आठवडा रोज, नंतर एक दिवसाआड. खाच उथळ होत जाईपर्यंत चालू ठेवा, वास गेला म्हणून थांबू नका.

मोरचुदाची पूड आपल्याकडे जुनी आणि ती काम करते, पण उघड्या लाल मांसावर ती जाळते. रक्त दिसत असेल तिथे नको. फॉर्मालिन, ॲसिड आणि गाडीचं जळकं ऑइल अजिबात नको. वरून खूर काळा-चकचकीत दिसतो, आत हवा बंद होऊन सड वाढते. शेणाचा लेपही नको, त्याचं कारण खाली धनुर्वाताबद्दल सांगताना येईल.

७. पू असेल तर घरी एवढंच

एकच खूर गरम, नाडी जोरात, ताप नाही, खिळा नाही, घोडा खातोय. अशा वेळी एक-दोन दिवस घरी शेक द्यायला हरकत नाही. नाल असेल तर नालबंदाकडून काढून घ्या.

उथळ रबरी घमेल्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि त्यात दोन मुठी एप्सम मीठ. खूर पंधरा-वीस मिनिटं त्यात. ज्यांचा घोडा घमेल्यात पाय ठेवायला तयार नसतो त्यांनी सलाइनची मोठी रिकामी पिशवी वरून कापून खुराला मोज्यासारखी चढवावी. नंतर गव्हाचा कोंडा आणि एप्सम मीठ गरम पाण्यात भिजवून तळव्यावर थापा, वर लहान मुलांचा डायपर गुंडाळा आणि चिकटपट्टीने बांधा. डायपर खुराच्या आकाराला नेमका बसतो आणि ओल धरून ठेवतो, एवढं स्वस्त बँडेज दुसरं नाही. चिकटपट्टी खुरावरच ठेवा, खूर संपून केस सुरू होतात त्या कडेवर करकचून आवळलीत तर रक्त अडतं. दर बारा ते चोवीस तासांनी बदला. दोन-तीन दिवसांच्या पुढे शेक चालवू नका, खूर भिजून लगदा होतो.

दुखणं एवढं जोरात का असतं, ते समजून घ्या. खुराची भिंत ताणत नाही. तुमच्या नखाखाली ठेच लागून रक्त साकळलं तर जसं ठणकतं तसंच हे, फक्त त्या नखावर शंभरेक किलोचं ओझं आणखी. वाट मिळाली की राखाडी-काळा पातळ पू येतो आणि घोडा काही तासांत पाय टेकतो. खालून वाट नाही मिळाली तर पू भिंतीच्या आतून वर चढतो आणि केसांच्या कडेला फुटतो. तिथे ओली जखम दिसेल, घाबरू नका, पुवाने वाट काढलीय. पुढे काही महिन्यांनी त्याच जागेची आडवी चीर खुराबरोबर खाली उतरताना दिसते.

तळवा उघडून पू काढणं मात्र नालबंद आणि डॉक्टर यांचं काम. चिमट्याने दाबून दुखरी जागा शोधतात, काळी रेघ धरून चाकूच्या टोकाने बारीकशी वाट करतात. पू यायला तेवढी पुरते. घरी खोदत बसलात तर तळव्याला नाण्याएवढं भोक पडतं, आतला भाग बाहेर डोकावतो आणि आठवड्याचं दुखणं दोन महिन्यांचं होतं.

इथे थांबा, डॉक्टरांना बोलवा

पायाच्या मधल्या भागापर्यंत सूज चढली, ताप १०२ च्या वर गेला, दोन दिवस शेकूनही फरक नाही, किंवा दोन पाय एकदम धरले. खिळा गादीत घुसला. सांध्यापाशी जखमेतून पिवळट चिकट पाणी येतंय. घोडा आडवा पडून उठत नाही. यातलं काहीही झालं तर पुढची पायरी नाही.

धनुर्वाताची लस. घोडा या आजाराला फार लवकर बळी पडतो, आणि त्याचे जंतू मातीत व घोड्याच्याच लिदेत असतात. खुरातलं बंद भोक त्यांना पाहिजेच असतं. पहिल्यांदा चार-सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. कार्ड नसेल, आठवत नसेल, तर लस झालेली नाही असंच धरा आणि खुरात पू निघाला त्याच दिवशी डॉक्टरांना तसं सांगा. ते वेगळं इंजेक्शन देतात. जबडा घट्ट, शेपटी वर उचललेली, चारही पाय ताठ, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा बाहेर आलेला, असं दिसलं तर अंधाऱ्या शांत जागी ठेवा, वाट बघू नका.

पायावर, विशेषतः मागच्या, रांगेत गाठी येऊन फुटत असतील, मधासारखा चिकट स्राव असेल, किंवा नाकातून पू येत असेल तर हे खुराचं दुखणं नाही. ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो, आणि संसर्गजन्य प्राणिरोगांच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे त्याची खबर देणं बंधनकारक आहे. हातमोज्याशिवाय हात लावू नका, घोडा वेगळा बांधा आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा.

पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. पाचगणी-वाईकरांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं, माथेरान-कर्जतकरांना परळचं. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्या जात नाहीत, म्हणून तिथल्या लोकांनी संध्याकाळची वाट न बघता सकाळीच फोन करावा.

दुखण्याची इंजेक्शनं स्वतःच्या मनाने देऊ नका. दुखणं दबलं की घोडा त्याच पायावर भार टाकतो आणि पू आणखी खोल जातो. शिवाय डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे, मेलेल्या जनावरातून ते गिधाडांच्या पोटात जातं आणि गिधाडं मरतात म्हणून. आणि लंगडत्या घोड्याला कामाला लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, हंगाम असो वा नसो.

सगळं करूनही तोच पाय परत धरला तर

एकाच खुरात तिसऱ्यांदा पू आला तर शेक-पट्टीचा खेळ बंद करा आणि एक्स-रे काढून घ्या. आत खिळ्याचा तुकडा राहिला असेल, हाडाची कपची सुटली असेल, किंवा पांढऱ्या रेघेची सड भिंतीच्या आतून वर चढली असेल. ती असेल तर खुरावर बाहेरून टकटक केल्यावर पोकळ आवाज येतो. तेवढी भिंत कापून उघडावी लागते. म्हाताऱ्या घोड्याच्या अंगावर उन्हाळ्यातही लांब कुरळे केस राहत असतील आणि वेगवेगळ्या खुरांत पू येत असेल तर डॉक्टरांना मेंदूतल्या ग्रंथीच्या आजाराबद्दल विचारा. त्याची रक्त तपासणी होते.

पू निघाल्यावर घोडा दुसऱ्या दिवशी नीट चालतो, आणि शनिवार-रविवार आला की मालकाचा हात खोगिराकडे जातो. भोक कोरडं आणि कडक होईपर्यंत त्यावर पट्टी राहू द्या, नाल त्यानंतरच बसवा, आणि नाल बसवल्यावरही पहिले दोन दिवस मऊ मातीवर रिकामाच चालवा. दुडक्या चालीत डोकं सरळ राहिलं, नाडी मंद असेल, तरच त्यावर बसा.